हत्यारे आहेत, काम नाही

अलीकडच्या दिवाळी अंकांत ठरावीक साच्याचा एक लेख हमखास भेटतो. त्यात सुताराचा वासला आणि पटाशी असते, चांभाराची रापी आणि आरी असते, लोहाराचा भाता, ऐरण, सांडस असते. मग लेखकाचा गळा दाटून येतो आणि हे शब्द आता गेले म्हणून तो हळहळतो. ग्रामीण कथा-कादंबरीची तऱ्हा निराळी नाही. ओसरीच्या वर्णनात आढ्याला विळा खोचलेला दिसतो, पुस्तकाच्या अखेरीस शब्दार्थांची यादी येते, आणि मधल्या सगळ्या पानांत त्या विळ्याने एक पेंढीसुद्धा कापली जात नाही.

या लेखनाने काय गमावले ते हिंगोली जिल्ह्यातून लख्ख दिसते. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानलेले नर्सी इथलेच. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एकात शिंप्याचा गज, कातर, सुई आणि दोरा येतात. तिथे एकही हत्यार नुसते ठेवलेले नाही. मापणे, कापणे, रंगवणे, शिवणे अशा क्रियांवर ते पद चालते आणि त्या क्रियांतूनच नामस्मरण होते. धंदा ही भक्तीची सजावट नाही, भक्ती करण्याची ती रीत आहे. सेना न्हाव्याने आरसा आणि चिमटा अभंगात आणला तोही असाच, हातात धरून.

याच जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, रिधोऱ्याला जन्मलेल्या इंद्रजित भालेराव यांच्या कवितेत हे अंग पुन्हा दिसते. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह १९८९चा. या कवितेला शेत पाहायचे नसते, शेतात राबायचे असते. तिची लय काम करणाऱ्याच्या श्वासाची आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ची. शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकताना धंदा मोडणे आणि माणूस मोडणे वेगळे काढता येत नाही. मराठवाड्याच्या गद्यात त्या उंचीचे दुसरे उदाहरण मला सहज देता येत नाही.

नावे हरवली ही ओरड मुळात खोटी आहे. मोल्सवर्थने १८३१ साली कोश छापला, दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले. हत्यारांची नावे तिथे सांभाळलेली आहेत. साहित्याकडून हवे असते ते कोशाला न जमणारे. बोथट खुरपे लोहाराकडे शेवटायला नेतात. लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून तो त्याचे पाते पातळ करतो, मग पाणी देतो. पाणी जास्त बसले तर धार तुटते, कमी पडले तर वळते. तापलेल्या पात्याच्या रंगावरून त्याला वेळ कळते. हा निर्णय घेणारा माणूस, त्या क्षणी तो कुणाशी काय बोलतो, ठोके कसे मागतो, हे कुठल्या कादंबरीत आले आहे? घिसाड्याच्या पालासमोर घण बाई मारते. तिच्या तोंडची भाषा कुणी लिहिली?

आणि विळा मेला हे कुणी सांगितले? सोयाबीनचा हंगाम आला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या शिवारात मजुरांच्या टोळ्या उक्ते घेऊन उतरतात. धसकटांनी पाय सोलून निघतात, इळा चालत राहतो. वसमतकडे हळदीचा पाला कापतात, मग गड्डे निघतात, हळद शिजते, ढोलात घासली जाते. कढई जाऊन कुकर आला, त्याबरोबर नवी बोली आली. जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंड हे शब्द आजही रोजच्या व्यवहारातले आहेत. शोकलेख लिहिणारे तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे मजुरीचा दर विचारावा लागतो.

इथे माझा आक्षेप शैलीपुरता राहत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तो बलुत्याच्या व्यवस्थेची झाडाझडती घ्यायला. दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ हेच नाव आत्मकथनाला दिले, त्यानंतर तो शब्द गोडव्याने उच्चारण्याची सोय उरायला नको होती. रापी ज्याच्या हातात होती त्याला खळ्यावर धान्यासाठी ताटकळावे लागे. त्याच्या मुलाने रापी खाली ठेवली ती शाळेत जायला. त्याने टाकलेल्या हत्याराबद्दल ते कधीच हाती न धरलेल्यांनी रडावे, हा त्या मुलावर अन्याय आहे. त्याने मागे टाकले ते त्याचे, त्याविषयी काय वाटते ते त्यालाच सांगू द्या.

म्हणून संपादकांना माझे सांगणे आहे. असा लेख हाती आला तर लेखकाला विचारा, हे हत्यार कुणाचे होते, त्याला त्याचे काय मिळत असे, आणि आज त्याच्या घरात कोणते काम चालते. उत्तर नसेल तर लेख परत करा. नव्या लेखकांनी गावातल्या वृद्धांकडून शब्द गोळा करत बसू नये, हळद घासणाऱ्यांच्या ढोलापाशी एक हंगाम काढावा. आणि पुरस्कार समित्यांनी बोलीतली नामे मोजून कादंबरीला अस्सलपणाचे गुण देणे यंदापासून बंद करावे.