भाषा-पाहणीचा मराठी खंड : एक परीक्षण

जुन्या कागदपत्रांच्या याद्या करणाऱ्या आमच्या बहुतेक मित्रांच्या हाताशीं ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषा-पाहणीचा सातवा खंड असतो. एखाद्या बाडांत अनोळखी रूप आढळलें कीं हा खंड उघडावयाचा, तसें रूप कोणत्या बोलींत दिसतें तें पाहावयाचें, आणि यादींतील 'भाषा' ह्या रकान्यांत त्या बोलीचें नांव लिहून मोकळें व्हावयाचें, असा परिपाठ पडून गेला आहे. आम्हींही तसें केलें आहे. परंतु हा खंड ह्या कामीं कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून हें परीक्षण.

प्रथम ग्रंथाची थोरवी सांगणें न्याय्य होईल. १८८६ सालीं व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेंत अशा पाहणीची सूचना पुढें आली, १८९४ च्या सुमारास कामास आरंभ झाला, आणि १९०३ ते १९२८ ह्या काळांत अकरा खंड प्रसिद्ध झाले. १७९ भाषा व ५४४ बोली, एवढा हा पसारा. मराठीचा खंड १९०५ चा असून त्याची सिद्धता नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं केली. बोलींचे नमुने एका मापानें गोळा करून ते शेजारीं शेजारीं मांडण्याचें श्रेय ह्या ग्रंथास दिलेंच पाहिजे.

आतां दोषांकडे वळूं. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविण्यांत आले होते. पहिला, बायबलांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचें भाषान्तर. दुसरा, बोलणाराच्या तोंडून जागेवर उतरून घेतलेली गोष्ट, गाणें किंवा निवेदन. तिसरा, ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. जुनें गद्य वाचणाऱ्यास खरा उपयोग दुसऱ्याचा. पहिला नमुना साहजिकच साक्षर मनुष्य करणार, आणि शाळेंत शिकलेला मनुष्य कागदावर लिहूं लागला कीं त्याच्या बोलीस पुणेरी पागोटें चढतेंच. दोन बोलींचे दृष्टान्त जुळले, एवढ्यावरून त्या दोन्ही एकच होत असा निर्णय करणें म्हणूनच धोक्याचें आहे.

दुसरा दोष नांवांचा. पाहणीच्या आरंभीं जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून तेथील भाषांच्या याद्या मागविल्या होत्या. त्यांनीं ऐकलेलीं नांवें कळविलीं. परिणामीं कोंकणांतील बोलींत परभी, कोळी, किरिस्तांव, आगरी, ठाकरी अशीं नांवें आलीं. हीं बव्हंशीं जातींचीं वा समाजांचीं नांवें. ह्यांतील पुष्कळांत फरक थोडा आहे हें खंडकर्त्यांसही ठाऊक होतें, व त्यांनीं त्यांस एका वर्गांत घातलेंही. पण आमचे यादीकार वर्ग विसरतात आणि नांव तेवढें उचलतात. सतराव्या शतकांतील एखाद्या कौलनाम्यास ह्यांतील नांव चिकटविलें, म्हणजे त्या कागदाचा लेखक त्या जातीचा होता, अशी समजूत पुढील वाचकाची सहज होते. आणि एकदां यादींत शिरलेली चूक दोन पिढ्या निघत नाहीं.

कोंकणीचा प्रश्न याहून नाजूक. ह्या खंडांत कोंकणी ही मराठीची बोली म्हणून धरिली आहे. तो वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. १९८७ सालीं गोव्याच्या राजभाषा कायद्यानें व १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टानें व्यवहारापुरता त्याचा निकाल लावला आहे. आम्हांस कागदांशीं कर्तव्य आहे. ज्या फादर स्टीफन्सनें १६१६ सालीं छापलेलें आपलें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें, त्यानेंच कोंकणीचें व्याकरणही सिद्ध केलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें, आणि त्यांत त्या भाषेस 'कानारीं' म्हटलें आहे. एकाच लेखकानें दोन भाषा ओळखून वेगळ्या ठेविल्या. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांतल्या रोमन लिपींतील पोथ्यांतही कोंकणी गद्यकथा व मराठी पद्य हीं दोन्ही आहेत. अशा पोथीची नोंद 'मराठी' ह्या एका शब्दांत करणें चुकीचें, आणि 'कानारीं' ह्या शब्दास भुलून ती 'कानडी' म्हणून करणें त्याहून चुकीचें.

सर्वांत मोठा दोष मात्र ग्रंथांत जें नाहीं त्याचा आहे. मद्रास इलाखा, तसेंच निजामाचें हैदराबाद व म्हैसूर हीं संस्थानें पाहणीच्या कक्षेबाहेर राहिलीं. इतर भाषांचें ह्यामुळें काय झालें तें त्या त्या भाषेचे जाणते सांगतील. मराठीचें काय झालें तें पाहावें. १९०५ सालीं पैठण निजामाच्या राज्यांत होतें. इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड पाहणींत आलें, म्हणून महानुभावांच्या ऋद्धिपुराकडील बोलीचे नमुने मिळतात. परंतु ज्या गोदातीरीं चक्रधरस्वामी वावरले आणि एकनाथांनीं भारुडें रचिलीं, तेथील बोलणें त्या वेळीं कोणीं उतरून घेतलेंच नाहीं. लीळाचरित्राच्या प्रतींतील एखादें रूप वऱ्हाडी म्हणावें कीं गोदातीरचें, हें ठरवूं जाणाऱ्यास ह्या खंडांतून तराजूचें एकच पारडें हातीं येतें.

म्हैसूर संस्थानांत श्रवणबेळगोळ होतें. तेथील गोमटेश्वराच्या पायाशीं चामुंडरायाच्या नांवाचा एकच मजकूर कानडी, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत कोरलेला आहे. मद्रास इलाख्यांत तंजावर होतें. तेथें बृहदीश्वराच्या देवळांत सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसल्यांचा इतिहास मराठींत कोरविला, आणि त्यांचे पूर्वज शाहराजे यांच्या नांवावर संस्कृत, मराठी, हिंदी, तेलुगु व तमिळ ह्या पांच भाषा बोलणारें पंचभाषाविलास नाटक आहे. प्रत्येक भाषेस वेगळा रकाना देणाऱ्या पाहणींत असें नाटक कोठें बसवावें?

पाहणीनंतरच्या मोजण्यांनींही रकान्याची ही अडचण दूर केली नाहीं. १९६१ च्या खानेसुमारींत १,६५२ मातृभाषा नोंदल्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या दाखविणें बंद झालें. २०११ सालीं लोकांनीं आपल्या भाषेचीं १९,५६९ नांवें सांगितलीं. छाननीअंतीं त्यांतून १,३६९ मातृभाषा, व त्यांचे गट पाडून १२१ भाषा उरल्या. हे आंकडे खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्यांवरून देश किती भाषा बोलतो याइतकेंच, मोजणारानें गाळणी किती बारीक धरिली होती, हेंही कळतें.

ह्यास्तव आमच्या संग्राहक मित्रांस विनंती अशी कीं, यादी करतांना बोलीचें नांव सर्वांत शेवटीं लिहावें, आणि शंका असेल तर तो रकाना कोरा ठेवावा. त्याआधीं कागद कोणत्या गांवीं मिळाला, लिपी मोडी कीं बाळबोध कीं अन्य, लेखकाचें नांव व गांव दिलें आहे काय, फारसी, कानडी वा तेलुगु मजकूर मध्येंच येतो काय, आणि ज्या रूपांवरून संशय आला तीं रूपें जशींच्या तशीं, एवढें नोंदवावें. मराठवाड्यांतील व तंजावरकडील कागदांच्या बाबतींत तर हें विशेषेंकरून करावें; तेथें ताडून पाहण्यास सातव्या खंडांत नमुना सांपडणार नाहीं.