‘थांबणे’ या क्रियापदाचा प्रश्न : एका कंट्री गीताचे वाचन

कंट्री संगीतातील प्रेमगीतांना भावविवश ठरवून समीक्षा सहसा पुढे सरकते. जॉर्ज जोन्स याने १९८० साली गायलेले ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गीत मात्र शब्दशः तपासावे इतके काटेकोर आहे. ते बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिले. गीत अतिशय उदास असल्याने चालणार नाही, असे खुद्द जोन्सला वाटत होते. त्याच वर्षी ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत अग्रस्थानी पोहोचले.

आरंभी दोन विधाने समोरासमोर येतात. मरेपर्यंत प्रेम करीन, असे तो म्हणतो. काळ गेला की विसरशील, असे ती. यानंतर नायक बोलत नाही. निवेदन एका परिचिताकडे जाते आणि तो केवळ वस्तू दाखवतो : भिंतीवरचे तिचे छायाचित्र, उशाशी १९६२ सालची पत्रे, त्यांतील प्रेमोच्चाराखाली ओढलेल्या लाल रेघा. (ही पत्रे तिची मानली, तर रेघा त्याच्या आणि शब्द तिचे; त्याच्या निष्ठेचा हा पुरावा तिच्या विस्मरणाचाही पुरावा ठरतो.) पुढे निवेदक भेटीस जातो, तेव्हा नायक नीटनेटक्या पोशाखात आहे, डोळ्यांत पाणी नाही, कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू आहे. तो सावरला, असे श्रोत्यास वाटते. मग शीर्षकाची ओळ येते आणि तिच्या पाठोपाठ दारावरचे पुष्पचक्र.

हा उलगडा सर्वस्वी इंग्रजी क्रियापदाच्या संदिग्धतेवर उभा आहे, आणि मराठीत नेमकी येथेच अडचण होते. ‘त्याने आज तिच्यावर प्रेम करणे थांबवले’ म्हटले, तर तृतीयेतला कर्ता निर्णय घेणारा होतो. मृत्यू त्यात मावत नाही. ‘त्याचे प्रेम आज थांबले’ यात कर्ता नाहीसा होतो व रहस्य अकाली फुटते. ‘तो आज तिच्यावर प्रेम करायचा थांबला’ ही बोलीतील रचना मला अधिक जवळची वाटते. ‘बोलायचा थांबला’ म्हणताना तो आपणहून थांबला की त्यास थांबावे लागले, हे आपण ठरवत नाही. शिवाय प्रेम येथे श्वासासारखी अखंड चाललेली क्रिया होते, आणि ते गीताच्या तर्काशी जुळते. वाक्य किंचित ओबडधोबड आहे. पण निवेदकही काही कवी नव्हे.

एक भाग तरीही निसटतो. अखेरीस ती त्याचे दर्शन घेण्यास येते, हे सांगताना जोन्स गाणे सोडून नुसते बोलतो. लिखित अनुवादात तेथे फार तर गद्य ओळ घालता येईल. सूर मध्येच सुटल्याची जाणीव तिने होणार नाही.