मंगलकार्यांतील वाङ्मय

लग्नसराई सरली म्हणजे प्रत्येक सुशिक्षित घरांत लग्नपत्रिकांचा एक लहानसा गठ्ठा शिल्लक राहतो. मंगल कार्याचा कागद केरांत टाकूं नये अशी वडील माणसांची समजूत असल्यामुळें तो फडताळाच्या एखाद्या कप्प्यांत पडून असतो, आणि पुढें त्याच्या कोऱ्या बाजूवर वाण्याच्या याद्या लिहिल्या जातात. यंदा मीं हा गठ्ठा वाचून काढला; म्हणजे तिथि, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता एवढेंच पाहून बाजूला ठेवला नाहीं, तर परीक्षणासाठीं आलेला काव्यसंग्रह वाचावा तसा शब्द न् शब्द वाचला. या उद्योगाचें कारण पुढें येईलच. लग्नपत्रिका, मंगलाष्टकें व उखाणे हें आमच्या मध्यम वर्गाचें सर्वांत अधिक खपाचें आणि सर्वांत कमी लक्ष देऊन वाचलें जाणारें वाङ्मय आहे. ज्या अर्थी हल्लीं प्रत्येक वधूवरांस आपलें लग्न ‘आपल्यासारखें’ व्हावें असें वाटूं लागलें आहे, त्या अर्थी या वाङ्मयाची एकदां टीकाकाराच्या दृष्टीनें तपासणी होणें अवश्य आहे.

जुन्या वळणाच्या पत्रिकेपासून प्रारंभ करूं. शिरोभागीं कुलस्वामिनी, खालीं ‘आमचे येथें श्रीकृपेंकरून’, मग वराच्या नांवामागें ‘चि.’, वधूच्या नांवामागें ‘चि. सौ. कां.’, आणि शेवटीं विवाह ‘करण्याचें योजिलें आहे’. व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तर या वाक्यांत योजणारे वडील आहेत. वधूवर कर्त्याच्या जागीं कोठेंच नाहींत. ‘सौभाग्यकांक्षिणी’ या विशेषणानें तर वधूची इच्छा काय असावी हें छापखान्यानेंच ठरवून टाकलेलें असतें. तथापि हें वाक्य प्रामाणिक होतें, हें मान्य केलें पाहिजे. ज्या काळीं लग्न खरोखरच दोन घरें ठरवीत, त्या काळीं पत्रिकेनें तें तसें उघडपणें सांगितलें.

नव्या पत्रिकेचें तसें नाहीं. तिच्यांत वधूवरांचीं नांवें अगदीं वर, मोठ्या वळणदार अक्षरांत असतात. दोघांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफलेलीं असतात. आणि खालीं दोन जीवांच्या एका प्रवासाविषयीं एक हळुवार वाक्य असतें. तेंच वाक्य माझ्या गठ्ठ्यांतील तीन पत्रिकांत आढळलें. तिन्ही जोडपीं एकमेकांस ओळखत नाहींत. ओळख एवढीच कीं, तिघांचेंही हृद्गत एकाच नमुन्याच्या पुस्तकांतून निवडलेलें होतें. तळाशीं पुतण्याच्या तोंडीं ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ हा आग्रह आहेच. ज्या मुलानें तो प्रथम केला असेल त्याच्या तोंडीं तो गोड असलाच पाहिजे. आज तो अशा मुलांच्या नांवें छापतात, ज्यांना अजून दांतही आलेले नसतात.

असो. मूळ कारणाकडे येतों. माझ्या भाचीचें लग्न ठरलें, तेव्हां मंगलाष्टकें रचण्याचें काम रिवाजाप्रमाणें माझ्याकडे आलें. शार्दूलविक्रीडित ही आमच्या घराची पिढीजात मिळकत आहे. एकोणीस अक्षरें, बाराव्या अक्षरावर यति, आणि अखेरीस मंगलाची आशा. मीं दोन रात्रींत आठ श्लोक सिद्ध केले. त्यांत वेल वृक्षाला बिलगली, सरिता सागराला मिळाली, संसाररथाचीं दोन्ही चाकें सारख्या गतीनें चाललीं, आणि उभय कुळांचा उद्धार झाला. यतिभंग एकही नव्हता. भाचीनें ते श्लोक दोनदां वाचले, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, “मामा, फार सुरेख झाले आहेत. पण हे कोणाच्याही लग्नांत चालतील.”

“चालतीलच,” मी अभिमानानें म्हणालों.

“म्हणूनच माझ्या लग्नांत नकोत.”

मला राग आला हें कबूल केलें पाहिजे. परंतु चार दिवसांनीं तो ओसरल्यावर तेच श्लोक मीं पुन्हां वाचले, आणि माझी मलाच लाज वाटली. या मुलीचे वडील ती शाळेंत असतांना वारले. माझ्या बहिणीनें एकटीनें तिला वाढविलें, आणि चोविसाव्या वर्षापासून त्या घराचा भार हीच मुलगी वाहत आहे. तिला मीं वेल म्हटलें होतें! वृत्त बिनचूक साधण्याच्या भरांत माझी भाचीच माझ्या हातून सुटली होती. तेव्हांपासून ‘हें कोणाच्याही लग्नांत चालेल काय?’ हा प्रश्न मीं कसोटी म्हणून हातीं घेतला. आणि तो लावीत गेलों तों गठ्ठ्यांतील फारच थोडें त्यांतून पार पडलें. मंगलाष्टकांची तर आणखी एक गंमत आहे. तीं लिहितांना कोणी माणसाकडे पाहत नाहीं, आणि म्हणतांना कोणी शब्दांकडे लक्ष देत नाहीं. अक्षता कधीं टाकावयाच्या एवढाच श्रोत्यांचा प्रश्न असतो. ‘सावधान’ हा शब्द मन लावून ऐकणारा एकच नवरा आपल्या परंपरेला ठाऊक आहे, आणि तो बोहल्यावरून निघून जाऊन पुढें समर्थ रामदास झाला, अशी आख्यायिका आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘अहो, विधि हा सर्वांचाच असतो. अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी हीं कोणाच्याही लग्नांत चालतात. तेवढ्यानें तीं टाकाऊ ठरतात काय?’ मुळींच नाहीं. सप्तपदीचीं सात पावलें अन्न, बळ, संपत्ति, सुख, संतति आणि ऋतु यांच्यासाठीं पडत पडत शेवटीं सख्यापाशीं थांबतात; संसाराची याहून शहाणी अनुक्रमणिका मला ठाऊक नाहीं. ती असंख्य जोडप्यांनीं म्हटली म्हणून शिळी झाली नाहीं. उलट, आपल्या आधीं अनेकांचीं पावलें याच वाटेनें गेलीं या जाणिवेंतच तिचें गांभीर्य आहे. सामान्य गोष्टीनें सामान्य असण्यांत दोष नाहीं. दोष आहे तो सामान्य गोष्टीनें खाजगी असल्याचा आव आणण्यांत. म्हणून माझी कसोटी विधीला नव्हे, तर ‘हें आमचें आहे’ असें म्हणून जें जें पुढें केलें जातें त्याला लावावयाची आहे.

ही कसोटी हल्लींच्या थाटाला लावली तर काय दिसतें? लग्नाला आज ‘थीम’ लागते. उदयपूरचा राजवाडा कीं गोव्याचा किनारा, हळदीच्या दिवशीं सर्व आप्तांनीं पिवळेंच नेसावें कीं कसें, वधूनें फुलांच्या चादरीखालून यावें कीं नाचत यावें, हें सारें तयार यादींतून निवडावयाचें असतें. उत्तरेकडील रिवाज आपण कां घ्यावे, अशी कुरकुर मी करणार नाहीं. आपल्या वधूचा शालूही मूळचा बनारसचाच. माझी तक्रार उसनवारीबद्दल नाहीं. निवड करणें आणि आपलें असें कांहीं सांगणें या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेंच माझें म्हणणें आहे. दुकानांतल्या शंभर नमुन्यांतून एक निवडणारा मनुष्य अभिरुचि दाखवितो. पण लग्नासारख्या प्रसंगीं माणसाचा खरा स्वभाव दिसतो तो तो काय बोलतो, कोणाला पुढें बसवितो आणि काय गाळतो यांत. शिवाय या ‘व्यक्तिमत्त्वा’चें बिल पुष्कळ घरीं मुलीचा बाप भरतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. परंतु दोघांच्या हौसेचा खर्च एकाच व्याह्याच्या खात्यावर मांडणें ही हुंड्याचीच पुढची आवृत्ति नव्हे काय, याचा विचार हौशी वरांनीं अवश्य करावा.

आतां मुख्य प्रश्न. लग्नांत बोलतें कोण? उपाध्याय बोलतो, वधूपिता संकल्प सोडतो, वर ‘नातिचरामि’ म्हणून वचन देतो. वधूच्या वांट्याला बहुतेक मौन येतें. तिची एकुलती एक रचना म्हणजे उखाणा, आणि त्यांत तिनें यमकाच्या आडून घ्यावयाचें तें नवऱ्याचें नांव. तिचें स्वतःचें नांव तर कित्येक घरीं त्याच दिवशीं ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें नवें लिहिलें जातें. पूर्वीं वधू अगदींच पोरवयाची असे. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें वय निदान चौदा ठरविलें, आणि १९७८ पासून तें अठरा आहे. अजाण पोरीनें काय बोलावें, म्हणून मौन हाच तिचा शिष्टाचार ठरला. परंतु अठ्ठाविसाव्या वर्षीं स्वतःच्या पसंतीनें लग्न करणाऱ्या मुलीनें तोच शिष्टाचार कां पाळावा?

हा प्रश्न आमच्या पिढीला सुचला असें मात्र कोणी समजूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास भटजीवांचून पहिलें सत्यशोधक लग्न लागलें. पुढें १८८७ सालीं त्यांनीं मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्यांतील मंगलाष्टकें टीकाकारांनीं सामाजिक इतिहास म्हणून पुष्कळ वाचलीं, पण रचना म्हणून फार थोडीं. जोतीरावांनीं शार्दूलविक्रीडिताची जुनी चाल सोडली नाहीं. त्यांनीं बदलला तो बोलणारा. येथें श्लोक वधू आणि वर स्वतः आळीपाळीनें म्हणतात. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाहीं, हें वधू भर मांडवांत बोलून दाखविते आणि हक्कांची शपथ मागते. वर स्त्रियांच्या अधिकारांसाठीं झटण्याचें वचन देतो. भाषा खडबडीत आहे, आणि कित्येक ठिकाणीं अर्थ वृत्तांत नीट बसत नाहीं. परंतु माझ्या आठ गुळगुळीत श्लोकांत जें नव्हतें तें तेथें आहे: एका माणसाला दुसऱ्या माणसाला कांहीं तरी सांगावयाचें आहे. आपलें लग्न आपल्या रीतीनें करण्याचा मराठींतील हा अत्यंत मोलाचा प्रयत्न असून त्याला आरास मुळींच लागली नाहीं.

कायद्यानें या बाबतींत आम्हांला अडविलेलें नाहीं, हेंही लक्षांत घ्यावें. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें लग्न दोघांना पसंत पडेल त्या पद्धतीनें लावतां येतें. अट एवढीच कीं, विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनीं, आपणांस समजणाऱ्या कोणत्याही भाषेंत, मी तुझा स्वीकार करतें वा करतों, हें एकमेकांस सांगितलें पाहिजे. म्हणजे ज्या कचेरीला आपण रुक्ष म्हणतों, तेथें वधूला बोलावेंच लागतें! १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें कोणत्याही एका पक्षाचे रूढ विधि मान्य केले आहेत. आणि २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हिंदु विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, अशी समज दिली. विधि समजून घेऊन करावा, हा त्या सांगण्याचा मला उमगलेला अर्थ आहे. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेनें विधीचा मराठींत अर्थ सांगण्याची पद्धत पाडली आणि स्त्रियांना पौरोहित्य शिकविलें, तें याच दृष्टीनें मोलाचें आहे.

माझ्या भाचीच्या लग्नाविषयीं वाचकांस उत्सुकता असेल, म्हणून चार शब्द सांगतों. खरी अडचण श्लोकांची नव्हतीच. रूढीप्रमाणें विधवा आईनें बोहल्यापासून दूर राहावयाचें आणि कन्यादान मामा-मामींनीं करावयाचें. मीही तें धरूनच चाललों होतों. चांगला बेत ठरवितांना ज्या माणसाविषयीं कोणी विचारीतच नाहीं, असें ते माणूस माझी सख्खी बहीण होती. भाचीनें कन्यादान गाळलें. अंतरपाट व सप्तपदी ठेवली, आणि सातही पावलांचा अर्थ दोघांनीं आळीपाळीनें मराठींत सांगितला. नांव बदललें नाहीं. उखाणा मात्र घेतला, कारण वराच्या आजीचा तसा आग्रह होता. आधीं वराला घ्यावयास लावला, आणि त्याचें यमक चुकल्यावर सभा जेवढी हंसली तेवढी कोणत्याही विदूषकाला हंसली नसेल. मामा म्हणून तिला हात धरून आणण्याचें काम माझ्याकडे राहिलें, आणि अंतरपाटाचें एक टोंक माझ्या बहिणीनें धरलें.

पत्रिका बहिणीनेंच लिहिली. तिच्यांत एवढेंच होतें: ‘माझ्या मुलीनें आपला जोडीदार निवडला आहे. तिला वाढवितांना ज्यांनीं ज्यांनीं मला हात दिला, त्या सर्वांनीं यावें.’ गठ्ठ्यांतील ही एकच पत्रिका कोणाच्याही लग्नांत चालणार नाहीं. तिच्या कोऱ्या बाजूवर याद्या लिहूं नयेत, असें मीं घरांत सांगून ठेवलें आहे.