'अंडे' आणि 'पुटक' : एका संज्ञासंकराची चिकित्सा

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या कानी 'अंडे 18 मिलिमीटरचे झाले' आणि पुढे 'अंडे फुटले' अशी वाक्ये नित्य पडतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष होत; अर्थदृष्ट्या मात्र दोन्ही सदोष आहेत. सोनोग्राफीत मोजले जाते ते अंडे नव्हे, तर ज्या द्रवपूर्ण कोशात ते वाढते तो कोश, म्हणजे पुटक.

हा संकर जुनाच आहे. 1672 मध्ये डी ग्राफने पुटकालाच अंडे मानले. खरे अंडे फॉन बेअरला कुत्रीच्या अंडाशयात 1827 मध्ये आढळले. विज्ञानाने टाकलेली चूक बोलीने मात्र जपली. त्याचे कारण कोंबडीत शोधावे लागते. तिच्या पुटकाचा बहुतेक भाग बलक, म्हणजे अंडपेशीच, व्यापते. तेथे दोहोंना एकच शब्द चालून जातो.

सस्तन प्राण्यांत तो चालत नाही. अंडमोचनसमयी पुटक उंदरात सुमारे अर्धा मिलिमीटर, मेंढीत सहा, गाईत पंधरा व स्त्रीमध्ये वीस मिलिमीटरच्या आसपास असते. अंडपेशी मात्र या सर्वांत सुमारे एक-दशांश मिलिमीटरच. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील 'फेकबी' जनुक दख्खनी मेंढीत आणला. या जनुकामुळे पुटके लहान असतानाच पक्व होतात व एका वेळी अधिक अंडी सुटतात. सारांश, पुटकाचे माप हे अंड्याचे माप नव्हे.

हा केवळ शब्दच्छल नाही. मराठीत अंडे फुटणे म्हणजे नासणे. येथे तर पुटक फुटणे हीच इष्टसिद्धी. शिवाय प्रत्येक पुटकातून अंडे हाती लागतेच असे नाही. दहा 'अंडी' मोजून सहाच मिळाली, तर उरलेली कोठे गेली, हा संशय शब्दानेच उत्पन्न केलेला असतो.

'अंडे' हा शब्द सुबोध आहे, हा बचाव अपुरा आहे. चुकीचा बोध करून देणाऱ्या सुबोधतेचा उपयोग काय? उलट 'पुटक' ही संज्ञा काटेकोर, पण ग्रांथिक आहे. मराठी विश्वकोशाचे संपादन ज्या वाईत झाले, ती सातारा जिल्ह्यातच आहे. तरी कोशातील परिभाषा आणि दवाखान्यातील बोली यांतील अंतर तेथेही मिटलेले नाही. ग्रंथात 'पुटक' राहावे. बोलण्यात 'बीजाचे बोंड' म्हणावे. बोंड फुटल्याचे दुःख कोणा शेतकऱ्यास होत नाही, आणि आतले बीज बोंडाहून निराळे, हेही त्यास सांगावे लागत नाही.