सेरोटोनिन थीटा लय दाबतं का? एका सुटसुटीत वाक्याची चिकित्सा

आज आपण एकच वाक्य तपासायला घेणार आहोत. मेंदूवरच्या व्याख्यानांत, लेखांत ते वारंवार भेटतं: ‘सेरोटोनिन हिप्पोकॅम्पसमधली थीटा लय दाबतं.’ वाक्य सुटसुटीत आहे, आणि आमचा आक्षेप नेमका त्या सुटसुटीतपणालाच आहे.

आधी थीटा म्हणजे काय ते बघू. प्रयोगशाळेतला उंदीर चालायला, हुंगायला लागला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या असंख्य चेतापेशी एका तालात येतात. सेकंदाला साधारण ४ ते १२ लाटा उठतात. ताल धरून देण्याचं काम मुख्यतः सेप्टम हा भाग करतो. मेंदूच्या देठात मीडियन राफे नावाचं केंद्र आहे. तिथून सेरोटोनिनचे तंतू सेप्टमकडेही जातात आणि हिप्पोकॅम्पसकडेही.

आता वाक्याच्या बाजूचा पुरावा. राफेला विजेने चेतवलं की थीटा मोडते. राफे नष्ट केलं तर उंदीर गप्प बसलेला असतानाही थीटा चालूच राहते. राफेतल्या सेरोटोनिन-पेशींना गप्प करणारं औषध तिथेच टोचलं, तरी थीटा सुरू होते. भक्कम वाटतं ना?

पण १९८६ साली व्हँडरवुल्फ आणि बेकर यांनी याच्या अगदी उलट मांडणी केली. हालचालीबरोबर येणारी आणि अ‍ॅट्रोपीन देऊनही टिकणारी थीटा सेरोटोनिनवरच अवलंबून असते, असं त्यांचं म्हणणं. मग खरं कोण?

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. थीटा एक नाही, दोन प्रकारची आहे. अ‍ॅट्रोपीनने थांबणारी थीटा युरेथेनच्या गुंगीतही दिसते. हालचालीची थीटा मात्र त्या गुंगीत नाहीशी होते. आणि वर सांगितलेले बरेचसे प्रयोग गुंगीतल्या उंदरांवरचे आहेत. म्हणजे मोजली एक थीटा, आणि निष्कर्ष काढला दोन्हींबद्दल!

राफे नष्ट करण्याचे प्रयोग जाग्या उंदरांवरही झाले, हे मान्य करायलाच हवं. पण राफे म्हणजे फक्त सेरोटोनिन नव्हे. तिथून हिप्पोकॅम्पसकडे ग्लुटामेटचे झपाट्याने पोचणारे संदेशही जातात, हे २००९ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी दाखवलं. केंद्रच उडवलं तर कोणता संदेश तुटला, ते कसं सांगणार?

खरी गोम रिसेप्टरमध्ये आहे. सेरोटोनिनचे रिसेप्टर सात कुटुंबांतले, चौदाच्या आसपास. ५-एचटी१ए पेशीतले पोटॅशियमचे मार्ग उघडून तिला शांत करतो. हिप्पोकॅम्पसच्या मुख्य पेशीवर तो असला तर ती पेशी शांत होते. राफेच्या सेरोटोनिन-पेशीवर असला तर सेरोटोनिनचा पुरवठाच घटतो. रिसेप्टर तोच, काम तेच, पण जागा बदलली की परिणाम फिरतो. उलट ५-एचटी३ हा स्वतःच आयनांचा मार्ग आहे. तो हिप्पोकॅम्पसमधल्या काही आवर घालणाऱ्या पेशींना क्षणार्धात चेतवतो. अशा वेळी ‘सेरोटोनिन काय करतं’ हा प्रश्नच अर्धवट ठरतो. कोणत्या रिसेप्टरवर, कोणत्या पेशीवर, जाग्या प्राण्यात की गुंगीतल्या, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी, असं कुणी म्हणेल. नैराश्यावरची अनेक औषधं चेतापेशींच्या सांध्यांत सेरोटोनिन वाढवतात. ते वाढतं लगेच, पण रुग्णाला उतार पडायला बहुधा काही आठवडे लागतात. राफेवरचा ५-एचटी१ए सुरुवातीला ब्रेक लावतो आणि तो हळूहळू सैल पडतो, हा त्यामागचा एक महत्त्वाचा तर्क आहे. ‘आनंदाचं रसायन वाढलं, आता बरं वाटायला हवं’ एवढंच ज्याला सांगितलंय, तो रुग्ण दुसऱ्या आठवड्यात निराश होऊन गोळ्या सोडू शकतो. सुटसुटीत वाक्याची किंमत अशी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. म्हणून पुढच्या वेळी ‘सेरोटोनिन अमुक करतं’ असं ऐकलंत, तर एवढंच विचारा: कुठे, आणि कोणत्या रिसेप्टरवर?