साडेपाच खण

जुन्या नाशकात, तिवंधा चौकापासून दोन बोळ आत, एका वाड्याच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. विकणे आहे, ४२५ चौ. फूट, दुरुस्ती आवश्यक. ही पाटी दलालाची. माझी त्या घराशी ओळख झाली ती मात्र मालक काकांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेल्या दोन ओळींतून. त्यांत फूट नव्हते. माडीचे साडेपाच खण, जिन्यासह. मोरी वर, संडास खाली, चौकातला नळ सामाईक. एवढंच. कवितेतला एखादाच शब्द वाचणाऱ्याचा हात धरून थांबवतो, तसा मी ‘साडेपाच’पाशी थांबलो. खण अर्धा कसा असेल?

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. वाडा किती खणी, किती मजली, किती चौकी, असाच सांगितला जाई. हे माप कुणी कागदावर ठरवलेलं नाही, ते झाडानं ठरवलं. दोन खांबांवर टाकलेली तुळई वरचं ओझं घेऊन वाकणार नाही, तेवढं अंतर म्हणजे खण. जपानातल्या जुन्या लाकडी घरांचं ‘केन’ हे मापही असंच खांबापासून खांबापर्यंतचं, साधारण सहा फुटांचं. काकांच्या माडीतला खण मी टेपनं मोजला. पाच फूट दोन इंच. पुढचाही तेवढाच, त्यापुढचाही, फार तर बोटभर इकडेतिकडे. हे एकदा कळलं की घराची लय सापडते. दर खणाला एक खिडकी, कोनाडा खणाच्या बरोबर मध्ये, खुंट्या खांबाला. अंथरूण कसं घालायचं हेसुद्धा खणच सांगतो: दोन खांबांमध्ये मोठा माणूस आडवा मावत नाही, म्हणून सगळे खोलीच्या लांबीत, एकमेकांशेजारी निजत.

पण माडीवर जाण्याआधी ओटा नीट पाहायला हवा. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं. म्हसरूळ टेक, चित्रघंटा, जुनी गढी ही नावं त्याचीच. चालताना चढ फारसा जाणवत नाही, ओट्याला मात्र तो ठाऊक असतो. या ओट्याच्या एका टोकाला एक पायरी आहे, दुसऱ्या टोकाला चार, आणि त्यावरचं घडीव दगडाचं जोतं पाणसळीत सरळ. रस्ता कलता, घर सरळ, आणि दोघांमधला फरक पायऱ्यांनी भरून काढलेला. १९६९ आणि २००८ च्या महापुरांत खालचा सराफ बाजार पाण्यात गेला. नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवर पाहतात; काकांचे वडील ओट्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून अंदाज घेत, असं काका सांगतात. इथवर पाणी कधी आलं नाही.

“डोकं सांभाळा,” काका म्हणाले. जिना भिंतीच्या जाडीत लपवलेला. अरुंद, उभा, वरच्या तोंडाला लाकडी झडप. खालच्या चार पायऱ्या मध्यभागी झिजल्यात. वळणावरच्या तीन पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होतात. तिथे प्रत्येकानं पाय रुंद बाजूला टाकला, म्हणून झीजही त्याच बाजूला. मला या घरातलं सगळ्यात सुंदर कोरीवकाम हेच वाटतं. सुताराच्या पटाशीनं न झालेलं.

पटाशीचं कामही आहे. सराफ बाजारातला सरकारवाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे, त्याची भव्यता इथे नाही. इथे सामान्य गृहस्थाची ऐपत दिसते आणि ती कुठे खर्च झाली तेही दिसतं. मागच्या बाजूचे खांब साधे, चौकोनी, रस्त्याकडचे सुरूदार. त्यांच्या माथ्यावरच्या हस्तांना खाली झुकलेली केळफुलं. एकेका पाकळीची कड अजून बोटाला लागते. पश्चिमेला पेठ-सुरगाणा आणि पलीकडे डांग, हा सागाचा मुलूख जवळ, त्यामुळे लाकडाला तोटा नव्हता. पैसा लागला तो कारागिराच्या दिवसांना. म्हणून फुलं फक्त पुढे.

काकांनी सोबत सुतारमिस्त्री बोलावले होते. त्यांनी मला या घराचं व्याकरण सांगितलं. खाली दगडी तळखडा, म्हणजे लाकूड ओल्या जमिनीला टेकत नाही. त्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर माती. एका लाकडाचा कुसू दुसऱ्याच्या भोकात. खिळा जवळजवळ नाही. घराचं वजन या सांगाड्यावर आहे. विटामातीच्या भिंती नुसत्या खणांत भरलेल्या. एखादी भिंत ढासळली तरी वाडा उभा राहतो. सांगाडा कुजला की मात्र जाड भिंतीही उपयोगाच्या नाहीत.

आणि तो एका जागी कुजलाय. मागच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला. हेतू चांगला होता, ओल थांबावी हा. पण मातीची भिंत ओल घेते आणि वाऱ्याला परत देते. सिमेंटनं ती परतीची वाट बंद केली. आत कोंडलेलं पाणी भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकात मुरलं. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकत नेली. टणक आवाज, टणक, टणक, आणि भिंतीपाशी भद्द.

“हातभर गेलीय,” ते म्हणाले. “सिमेंट उतरवा, चुना लावा, हातभर नवा साग जोडू. बाकीची काढायची गरज नाही.”

दुरुस्ती आवश्यक, हे पाटीवरचं वाक्य तिथे मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. घराच्या मजकुरातला एक शब्द पुसट झालाय. तो शब्द भरायचा आहे, मजकूर खोडायचा नाही. खोडणारेही येऊन गेले. वाडा पाडला की जुनं सागवान, कोरीव खांब वेगळे विकले जातात, आणि तशी चौकशी काकांकडे दोनदा झाली. त्यांनी नाही म्हटलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. कारण तळमजल्यावर दोन जुने भाडेकरू आहेत. आधी १९४७ चा आणि मग १९९९ चा भाडे कायदा, यांनी त्यांचं छप्पर राखलं, ते राखायलाच हवं होतं. पण त्या भाड्यात वर्षाची कौलंसुद्धा फिरवून होत नाहीत.

साडेपाचचं उत्तर मिळालं ते शेवटी. पुढच्या बाजूनं मी खण मोजत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याच्या मधोमध भिंत आली, पातळ, एका विटेची, बाकी घराच्या मानानं परकी. काकांच्या आजोबांच्या पिढीत वाटणी झाली. दोघा भावांना अकरा खण. समान वाटे करायचे, म्हणून खण कापला. खिडकी मात्र खणाच्या मध्ये असते, त्यामुळे तीही कापली गेली: एक झडप इकडे, दुसरी पलीकडे. भिंतीच्या माथ्याशी तुळई तेवढी कापता आली नव्हती. ती विटांमधून आरपार पलीकडे गेली होती.

मिस्त्रींनी मागच्या बाजूला, त्याच भिंतीपाशी, पुन्हा ठोकून पाहिलं. कुजलेली तुळईही दोन्ही वाट्यांखालून जाणारी होती. “टेकू दोन्हीकडून द्यावे लागतील,” ते म्हणाले. “तिकडची खोली उघडायला हवी.”

तिकडे काकांच्या चुलत भावाचं कुलूप होतं. काका खिडकीच्या त्या एकट्या झडपेला टेकून थोडा वेळ उभे राहिले, मग चष्मा वर सरकवून मोबाइलमध्ये नंबर शोधू लागले.

“अण्णा,” ते म्हणाले, “मी बोलतोय. नाही, विकण्याचं नाही. मागची तुळई गेलीय. तुझ्याकडचीपण. तीच ती.”