दिवाणखान्यातील घरोट

गेल्या श्रावणात कानबाईच्या निमित्ताने पारोळ्यास मामेभावाच्या घरी जाण्याचा योग आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाईची स्थापना होते, आणि तत्पूर्वी घर झाडून, रंगवून, भांडीकुंडी घासून लख्ख करण्याची रीत आहे. मामेभावाचे मूळचे घर धाब्याचे. लाकडी कडीपाटावर मातीचा जाड थर बसवून केलेले ते छप्पर जाऊन आता तेथे सिमेंटचा स्लॅब आला आहे. घरातील सूनबाई हौशी आणि तितक्याच हिशेबी. काचेच्या एका तावदानाखेरीज काहीही विकत न आणता त्यांनी दिवाणखाना सजविला होता. जुन्या लुगड्यांचे पडदे झाले होते, पितळी घागरीत ज्वारीची वाळलेली कणसे खोवली होती, बैठकीवर ठिगळांची गोधडी अंथरली होती, आणि या सर्वांच्या मध्यभागी जुने घरोट मांडून, वर ते तावदान ठेवून, चहाचे मेज केले होते. घरोट म्हणजे जाते. खानदेशाबाहेरील वाचकांसाठी एवढा खुलासा पुरे. येणारा प्रत्येक जण खर्च किती आला म्हणून विचारी, आणि तो काचेपुरताच आला हे ऐकून सूनबाईंची वाहवा करी.

मामी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. मी सहज म्हटले, "मामी, तुमचे घरोट दिवाणखान्यात आले. कसे वाटते?" माझी अपेक्षा अशी की, जुन्या दिवसांच्या आठवणीने त्यांचा कंठ दाटून येईल. त्या एवढेच म्हणाल्या, "बरे झाले. त्यालाही विसावा, मलाही." आणि पुन्हा वातींकडे वळल्या.

त्या उत्तराने मी अंमळ वरमलो. पुढे मनात जो प्रश्न घोळत राहिला तो मात्र वाङ्मयीन स्वरूपाचा होता. आपल्या साहित्यात काटकसरीच्या संसाराचे गोडवे पुष्कळ गाइले गेले आहेत. नीटनेटके घर, स्वच्छ सारवलेले अंगण, ठिगळ लावलेले पण धुतलेले वस्त्र ही चित्रे मराठी वाचकास अत्यंत प्रिय आहेत. परंतु पैशाची बचत झाली म्हणजे किंमत कोणीच मोजली नाही, असे होत नाही. जेथे रुपये खर्च होत नाहीत तेथे कोणाचे तरी हात खर्ची पडतात. हा दुसरा हिशेब आपल्या साहित्याने कितपत ठेवला आहे? या दृष्टीने तीन सुपरिचित पुस्तके पुन्हा चाळून पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिले पुस्तक साने गुरुजींचे 'श्यामची आई'. गुरुजींचा जन्म कोकणात पालगड येथे झाला असला, तरी पारोळ्याचे शेजारगाव जे अमळनेर, तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अध्यापन केले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून काढीत, ही हकीकत या भागात आजही मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढली, आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. मध्यमवर्गीय मराठी घरांना गरिबीत मान ताठ ठेवून जगण्याची रीत या पुस्तकाने शिकविली, हे त्याचे ऋण कोणी नाकारू नये. पत्रावळ लावण्याच्या साध्या कामात नेटकेपणा कसा असावा, हे श्याम घरीच शिकतो. एकत्र कुटुंबाचे घर सुटल्यावर मातीच्या भिंतींची झोपडी उभी राहते, आणि ती पर्णकुटी आईला राजवाड्याहून अधिक वाटते, कारण ती स्वतःची असते. दिवाळीत भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे आई स्वतःसाठी न वापरता पतीच्या फाटक्या धोतराच्या जागी नवे धोतर आणण्यास देते. काटकसरीला इतके मंगल रूप मराठीत क्वचितच लाभले असेल.

तथापि हे सारे सांगतो कोण? मुलगा सांगतो, आणि तोही आई निवर्तल्यानंतर, कृतज्ञतेने भरून आलेल्या मनाने. म्हणून आईचे कष्ट त्याच्या डोळ्यांना दिसतात तेच मुळी अश्रूंतून. गुरुजींनी ते लपविले आहेत असे कोणी म्हणू नये. कथेच्या उत्तरार्धात कर्जापायी घराची धूळधाण होते, आईचे शरीर खचत जाते, आणि पुस्तक त्यापासून तोंड फिरवीत नाही. पण प्रत्येक कष्टाचे तेथे तत्काळ पूजेत रूपांतर होते. सारवून सारवून आईची कंबर धरली असेल, हा विचार मनात येण्याआधीच वाचक हात जोडून मोकळा झालेला असतो. हिशेब येथे आहे, परंतु तो सर्वस्वी भक्तीच्या वहीत मांडलेला आहे. आणि देवतेची मजुरी कोणी विचारीत नाही.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. पुढील भाग येत असताना १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. म्हणजे 'श्यामची आई' आणि 'स्मृतिचित्रे' ही अगदी एकाच काळातील पुस्तके होत. परंतु एकीकडून दुसरीकडे जाताना वाचकास देवघरातून थेट स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटते. येथे बोलणारी स्वतः गृहिणी आहे. पती थोर कवी, उदार, तापट. हातात पैसा आला की तो वाटेला लावणारे. नोकरी टिकावयाची नाही, बिऱ्हाड स्थिर व्हावयाचे नाही. नागपूर, राजनांदगाव, अहमदनगर, सातारा अशी गावे बदलत संसार पुनःपुन्हा मांडावा लागला. १८९५ मध्ये नारायणराव ख्रिस्ती झाले, तेव्हा तर संसाराची घडीच विसकटली. अशा स्त्रीला काटकसर हा सद्‌गुण वाटण्याची चैन परवडणारी नव्हती. ती रोजची झोंबाझोंबी होती, आणि लक्ष्मीबाई ती हसत हसत सांगतात.

या पुस्तकातील आरंभीच्या प्रकरणांकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुरेसे लक्ष गेलेले नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाहेरून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्यावाचून घरात यावयाचा नाही, असा त्यांचा खाक्या. आपण ते वाचून हसतो, आणि हसावे म्हणूनच ते लिहिले आहे. परंतु ते पाणी आणणारे आणि धुणारे हात कोणाचे, हे लेखिका एकदाही विसरत नाही. घरातील शुचिता ही एका माणसाची हौस आणि इतर सर्वांची मेहनत असते, हे मराठीत इतक्या रोकठोकपणे तिच्यापूर्वी कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही. विनोदाची मोठी शक्ती ही की, तो हिशेबात खोट येऊ देत नाही. भक्ती कर्ज माफ करते. विनोद ते नेमके किती होते हे सांगतो, आणि मग माफ करतो.

तिसरे पुस्तक आमच्या खानदेशाचे. बहिणाबाई चौधरींचा जन्म जळगावाजवळच्या आसोदे येथे १८८० साली झाला. लिहिणेवाचणे त्यांस येत नव्हते. लग्न लहानपणी झाले, आणि ऐन तिशीत वैधव्य आले. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या; त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेवांनी प्रकाशात आणली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूप झाली. तेव्हापासून टीकाकारांनी त्यांच्या तत्त्वज्ञानाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. माझी तक्रार अशी आहे की, तत्त्वज्ञानाकडे धावताना आपण त्यांच्या घरातून फार घाईने बाहेर पडलो.

त्यांचे घरोटावरचे गाणेच घ्या. ज्यातून पीठ येते त्यास 'जाते' कसे म्हणावे, ही तेथील कोटी सर्वांस ठाऊक आहे. घरोटातून पीठ पडावे तसे पोटातून गाणे ओठी येते, ही उपमा वर्गावर्गांतून समजावून सांगितली जाते. मीही अनेक वर्षे सांगितली. पण त्याच गाण्यात हात दुखत असल्याचे कवयित्री घरोटालाच स्पष्ट सांगते, तेथे मी एकदाही थांबलो नाही. उपमा सुंदर होती म्हणून तिच्यावर व्याख्यान झाले; दुखणे साधे होते म्हणून ते वगळले गेले. संसाराला तव्याची उपमा देणाऱ्या गाण्यातही क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी चटका, मग भाकर. गोडवा गाणाऱ्या कवीने भाकरीपासून आरंभ केला असता. बहिणाबाई किंमत आधी सांगतात आणि माल मागाहून दाखवितात. खरा दुकानदार असाच असतो.

'खोपा' या गाण्याविषयी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. सुगरण पाखराने इवल्याशा चोचीने विणलेले घरटे दाखवून कवयित्री माणसाला त्याच्या दोन हातांची आणि दहा बोटांची आठवण देते. काटकसरीच्या गृहरचनेचे यापेक्षा लहान आणि यापेक्षा पुरे असे शास्त्र मला माहीत नाही. साधन एक, सामान गवताचे, आणि वास्तू झाडाला झुलणारी! परंतु पक्षिशास्त्र सांगते की, या जातीत घरटे विणण्याचे काम नर करतो. मादी अर्धवट विणलेली घरटी पाहून त्यांतील एक पसंत करते. मग कवयित्री चुकली काय? चूक असलीच तर ती मराठी भाषेचीच आहे, कारण भाषेनेच त्या पाखरास 'सुगरण' असे स्त्रीचे नाव दिले. ज्या समाजात घर सारवणारी, लिंपणारी, गोधडी शिवणारी, चूल घालणारी ती स्त्रीच, त्या समाजाला घरटे बांधणारा पुरुष असू शकेल ही शंकाही आली नाही. निसर्गाविषयी हे गाणे चुकीचे असेल. आपल्या घरांविषयी ते तंतोतंत खरे आहे.

आणखी एक. ओवीचा घाटच काटकसरीचा आहे. चरण आखूड, शब्द घरातले, आणि लय घरोटाच्या फेऱ्याची. काम थांबवून गाण्यास वेळ नव्हता, म्हणून गाणे कामातच बसविले गेले. स्वतः साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या मोठ्या आस्थेने जमवून 'स्त्रीजीवन' मध्ये ग्रथित केल्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. गावात पिठाची गिरणी आली आणि हा प्रवाह आटला. आम्ही साहित्याचे लोक त्याबद्दल हळहळतो. मीही हळहळत आलो. पण पहाटे उठून चार शेर ज्वारी दळण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. मामींवर तो येत असे, आणि त्या म्हणतात, बरे झाले. ओवी गेली याचे दुःख खरे आहे, आणि हात सुटले याचा आनंदही खरा आहे. पहिलेच तेवढे सांगणारी टीका रसिक असेल. ती प्रामाणिक नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मग गरिबाच्या घरातील सौंदर्यास सौंदर्य म्हणूच नये काय? म्हणावे, अवश्य म्हणावे. पोतेऱ्याच्या अर्धवर्तुळांनी सारवलेली जमीन, दारापुढची रांगोळी, धावदोऱ्याच्या ओळींनी उठाव आलेली गोधडी या वस्तू सुंदरच आहेत, आणि त्या करणारीस त्यांत आनंदही मिळत असे. केवळ कष्टच दाखविणारे लेखन या आनंदास मुकते. ते मग दुसऱ्या बाजूने अपुरे. बहिणाबाईंचे मोठेपण असे की, दुखणारे हात आणि ओठी आलेले गाणे त्यांनी एकाच घरोटापाशी बसविले, आणि एकासाठी दुसऱ्यास उठविले नाही. तिघांत मी त्यांना अग्रस्थान देतो ते यासाठी. लक्ष्मीबाईंचा हिशेब चोख आहे. पण त्यात वस्तूच्या रूपाला फारशी जागा नाही. गुरुजींच्या चित्रात मांगल्य आहे. पण मेहनतीला स्वतःचा आवाज नाही.

पुन्हा पारोळ्याकडे वळून हा लेख संपवितो. सूनबाईंना नावे ठेवावी असा माझा हेतू नाही. सायंकाळी पाहुणे पांगल्यावर त्या पडद्याचा उसवलेला काठ हाती घेऊन बसल्या होत्या, तेव्हा मी विचारले की, हे सारे करण्यास वेळ किती लागला? त्या जरा चकित झाल्या. कारण दिवसभर सर्वांनी पैशाचेच विचारले होते. मग त्या म्हणाल्या, "लुगडी विरलेली होती, मामंजी. आतून अस्तर लावावे लागले. बाराएक दुपारी गेल्या." कमी खर्चात घर कसे सजवावे याविषयीचे लेख आपल्या मासिकांतून पूर्वीपासून येत आले आहेत, आजही येतात. त्यांत दोरा, रंग, काच यांचे भाव असतात; त्या बारा दुपारींचा रकाना मी कोठेही पाहिलेला नाही. तो भरून काढणे हे साहित्याचे काम आहे. एका निरक्षर बाईने जळगावात बसून ते करून दाखविले, आणि आम्ही शिकलेले लोक तिच्या उपमा तेवढ्या पाठ करून बसलो.

मामी मात्र तोपर्यंत झोपी गेल्या होत्या. घरोटावरचे कप कोणीतरी उचलायचे राहिले होते. ते मी आत नेऊन ठेवले.